कानिफतात्या विमा उतरवतात

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात कानिफतात्यांना सगळे ओळखतात. कुणी ओळख दाखवली नाही, तर समजावं की तात्यांनी त्याला कधीतरी खरं सांगून नाराज केलंय. तात्या दलाल. गाय, बैल, म्हैस, जे दावणीला उभं राहील त्याचा सौदा जुळवून द्यायचा, हा त्यांचा उभ्या जन्माचा धंदा. त्यात त्यांचा एकच नियम. सौदा ठरण्याआधी जनावराची खोड गिऱ्हाइकाला सांगून मोकळं व्हायचं. लाथ मारते तर लाथ मारते, पान्हा चोरते तर पान्हा चोरते. हा काही साधूपणा नव्हे, असं ते स्वतःच सांगायचे. खोड लपवली की जनावर पुढच्या शुक्रवारी बाजारात परत येतं आणि त्याच्यामागून त्याचा मालकही येतो. जनावर गुमान उभं राहतं, मालक राहत नाही.

या नियमाचा तात्यांना भारी अभिमान होता. त्या अभिमानासकट ते कसे तोंडावर आपटले, ती ही हकीकत. आता बाजारात चहाच्या गाड्यावर ते स्वतःच ती सांगतात आणि दरवेळी स्वतःला आधीपेक्षा थोडं जास्त बावळट करून सांगतात.

तात्यांना एकुलती एक मुलगी, निकिता. जावई हर्षल नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनिअर होता. तिथून कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं, आणि निकिताही गेली. तिकडं जाऊन स्थिरस्थावर झाल्यावर तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. पण जर्मनीहून घोडेगावला बाळंतपणाला येणं काही जमेना, तेव्हा माहेरानंच तिकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे दोन माणसं, निकिताची आई राहीबाई आणि तात्या. राहीबाई दोन दिवसांत तयार झाल्या. डिंक, खारीक, अळीव, बाळंतविडा सगळं बांधून त्या मोकळ्या. तात्या मात्र विम्यावर अडले.

हर्षलनं फोनवर समजावलं होतं. निकितासारखा तोही तात्यांना दादाच म्हणायचा. दादा, प्रवासाचा आरोग्य विमा असल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. इकडं पाहुणा माणूस आजारी पडला, एखादी रात्र जरी दवाखान्यात काढावी लागली, तरी ते बिल आपल्यानं पेलायचं नाही. इथल्या लोकांचा विमा वेगळा, आम्हा नोकरदारांचा वेगळा, आणि तुमच्यासारख्या आलेल्यांना तो तिकडूनच काढून आणावा लागतो.

तात्यांना विमा म्हटलं की गाय आठवायची. गाईचा विमा त्यांनी जन्मभर पाहिला होता. डॉक्टर येतो, गाय तपासतो, तोंड उघडून दात बघतो, कास दाबून बघतो आणि मग कानात बिल्ला मारतो. बिल्ल्यासकट फोटो काढला की विमा झाला. पुढं गाय दगावली तरी बिल्ला दाखवायचा आणि भरपाई घ्यायची. डॉक्टरनं तपासून पास केली म्हणजे जबाबदारी डॉक्टरची, असा तात्यांचा साधा हिशेब. आपलाही असाच कान टोचणार की काय, असं त्यांनी जावयाला विचारून घेतलं. जावई हसला. तात्यांनी ते अर्ध्या गांभीर्यानंच विचारलं होतं, हे त्याला कळलं नाही.

आता खरी अडचण सांगायला हवी. तात्यांच्या छातीत स्प्रिंग होती, हृदयाची तुंबलेली शीर उघडी ठेवणारी. दोन वर्षांपूर्वी नगरच्या दवाखान्यात ती टाकली होती. त्याच महिन्यात निकिता नवीनच जर्मनीला गेलेली. एकटी पोर, नवा देश, भाषा येत नाही, तिला कशाला घोर लावायचा, म्हणून तात्यांनी राहीबाईंना गप्प केलं. दवाखान्यात असताना पोरीचा फोन आला, तर आपण बाजारात आहोत आणि इथं रेंज नाही, असं खाटेवर पडून सांगितलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट कण्हला, तर ती म्हैस आहे म्हणाले. पुढं व्हिडिओ कॉल आला की तात्या दोन मिनिटं तोंड दाखवायचे आणि लगेच मोबाईल गोठ्याकडं वळवायचे. पोरीला बापापेक्षा गाय जास्त दिसायची. गाय कशी आहे, हे तिला तंतोतंत माहीत होतं.

आणि आता विम्याचा कागद व्हिसासाठी हर्षलकडं जाणार होता. त्या कागदावर स्प्रिंग छापून आली की पोरीला कळणार. ती पोटुशी, त्यात हे ऐकून घाबरणार, आणि घाबरली की पहिलं वाक्य बोलणार ते म्हणजे, दादा तुम्ही येऊ नका. तात्यांना सगळं चाललं असतं, पण ते वाक्य नको होतं. नातवंडाचं तोंड बघायचं, तेही पोरीच्या घरात उभं राहून, एवढी एकच इच्छा त्यांनी अलीकडच्या काळात मोठ्यानं बोलून दाखवली होती. तेव्हा स्प्रिंगचं नाव काढायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. पुढचा प्रश्न उरला तपासणीचा.

इथं तात्यांनी अक्कल चालवली. बाजारात जनावर उभं करताना व्यापारी काय करतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शिंगं साळतात, तेल लावतात, अंग धुऊन काढतात, म्हातारा बैलही तरणा दिसतो. तात्यांनी आदल्या दिवशी न्हाव्याकडं जाऊन केस काळे केले. मिशीही काळी केली. मिशीचा रंग जरा जास्त बसला आणि ती चिकटवल्यासारखी दिसायला लागली. सकाळी अंगाला तेल चोळून आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला. राहीबाईंनी त्यांना दारात उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आता गळ्यात घुंगरू तेवढं राह्यलं," त्या म्हणाल्या.

नगरला विमा काढून देणारी शुभांगी ही तिसगावच्या ओळखीतली मुलगी. तिचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. तात्यांनी जिना पाहिला. ही तपासणीच आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि मध्ये कुठंही न थांबता, चेहऱ्यावर हसू ठेवून ते वर गेले. वर गेल्यावर धाप लपवण्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर बराच वेळ वाचत उभे राहिले. शुभांगीनं पाणी दिलं, बसा म्हणाली, आणि कॉम्प्युटरकडं वळली.

कुणी नाडी पाहिली नाही. कुणी जीभ काढायला लावली नाही. तात्या छाती काढून बसले होते, पण त्या मुलीनं त्यांच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, किती दिवस राहणार, एवढंच तिनं विचारलं. केसांना लावलेला रंग वाया गेला, याचं तात्यांना खरोखर वाईट वाटलं. मग तिनं विचारलं, आधीचा काही आजार, ऑपरेशन, चालू असलेल्या गोळ्या?

तात्या म्हणाले, काही नाही. ठणठणीत. राहीबाई छताच्या पंख्याकडं बघत राहिल्या. त्यांनी आपल्या गुडघ्यांचं, बीपीचं आणि जुन्या मूतखड्याचंसुद्धा सांगून टाकलं. त्यामुळे तात्या आणखीच ठणठणीत दिसायला लागले.

शुभांगी कामाची मुलगी होती. पॉलिसी देण्याआधी तिनं सगळं समजावून सांगितलं. तिकडं अचानक आजार झाला, पाय मोडला, तर कंपनी खर्च करते. आधी कागदावरच्या नंबरला फोन करायचा, मग कंपनी थेट दवाखान्याशी बोलते. पहिली थोडी रक्कम आपण भरायची, वरची कंपनी. नुसती तपासणी करून घ्यायला गेलात तर त्याचे पैसे मिळत नाहीत. आणि जुना आजार असेल तर तो आधी सांगावा लागतो. सांगितला तर त्यातलं जिवावर बेतलेलं तेवढं काही पॉलिसींत धरतात, न सांगितलेलं धरत नाहीत. तात्यांनी मान डोलवली. त्यांच्या डोक्यात यातलं फारसं काही शिरलं नाही, कारण ते अजून डॉक्टर कधी येतो याची वाट पाहत होते. शेवटी तिनं सांगितलं की परदेशात माणूस वारला तर त्याचा देह गावी आणण्याचा खर्चही यात आहे. तात्या एकदम सावरून बसले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पुरतं पोहोचवून देण्याची हमी देत होतं. तेवढा भाग त्यांना फार पसंत पडला. घरी येताना एसटीत त्यांनी तो राहीबाईंना दोनदा सांगितला. राहीबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

पॉलिसी झाली, कागद हर्षलकडं गेला. तात्या खूश. तपासणीच झाली नाही म्हणजे आपण पास, आणि पुढं काही झालं तर चूक न तपासणाऱ्याची, असं त्यांनी स्वतःला पटवलं. बाजारात कुणी विचारलं की, आपला बी बिल्ला झाला, म्हणून सांगायचे.

पुढच्या शुक्रवारी बाजारात गलका झाला. तिसगावचा गोरक्षनाथ नावाचा शेतकरी टेम्पोत गाय घालून परत आला होता. अंगद नावाच्या पोरसवदा दलालानं आदल्या बाजारात ती त्याला विकून दिली होती. घरी नेऊन पिळायला बसला, तर एक सड बंद. बाजाराच्या दिवशी सकाळी गाय पिळलीच नव्हती. कास अशी तटतटलेली, की बंद सड कुणाच्या ध्यानातच येणार नाही. गोरक्षनाथ तावातावानं बोलत होता, अंगद दुप्पट तावानं. माणसं जमली आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी तात्यांना बोलावून आणलं. असल्या भांडणात तात्यांचा शब्द शेवटचा, हे बाजारात ठरलेलंच होतं.

तात्यांनी गाईच्या कासेला हात लावून पाहिलं, आणि ते अंगदकडं वळले. अंगद म्हणाला, "तात्या, त्यांनी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

"इचारायचं काम त्याचं न्हाई," तात्या म्हणाले. "सांगायचं काम तुझं. त्यानं तुझ्या जिवावर गाय दारात नेली. खोड लपवली का सौदा मोडला, मग गाय कितीबी गुणाची असू दे. गाय घे माघारी, आन् टेम्पोचं भाडं बी तू दे."

माणसांनी माना डोलावल्या. गोरक्षनाथानं हात जोडले. तात्या मिशीवर हात फिरवायला गेले आणि बोटाला काळा रंग लागला. त्याक्षणी त्यांच्या छातीत काहीतरी हललं. सवयीनं त्यांनी गॅस म्हणून ढेकर द्यायचा प्रयत्न केला. ढेकर आला नाही. हे स्प्रिंगचंही नव्हतं, हे त्यांना तिथंच कळलं. विचारलंच नाही, असं अंगद म्हणाला होता. तात्यांना तर विचारलं होतं, तेही समोर बसवून, पाणी देऊन. अंगद निदान दुसऱ्याच्या गाईची खोड लपवत होता. तात्या स्वतःच गाय होते, स्वतःच दलाल होते, आणि वर स्वतःला फसवून खूश झालेलं गिऱ्हाईकही तेच होते. इतका सर्वगुणसंपन्न सौदा घोडेगावच्या बाजारात पूर्वी झाला नसावा.

आणि गाय माघारी येणार होती कुणाच्या दारात? हर्षलच्या. तिकडं छातीत कळ आली, कंपनीनं जुने कागद मागवले, नगरच्या दवाखान्यातलं सगळं निघालं, तर कंपनी हात वर करणार. मग ते बिल पोरीच्या संसारावर बसणार. पोर ओली बाळंतीण, हातात तान्हं मूल आणि वर बापाच्या दवाखान्याचं बिल. दुपारनंतर तात्यांनी एकही सौदा केला नाही.

घरी येऊन त्यांनी राहीबाईंना सगळं सांगितलं. राहीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"म्या वाटच बघत हुते," त्या म्हणाल्या. "म्हनलं, लई बाजार हिंडलेला मानूस हाय, कवा तरी ध्यानात यील."

तात्यांनी विचारलं, मग त्या दिवशी तिथंच का नाही सांगितलंस? राहीबाई म्हणाल्या, तुमच्या मिशीचा रंग बघून माझी हिंमत झाली नाही.

तात्यांनी शुभांगीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं, ओरडली नाही, हसलीही नाही. तात्यांना ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, काका, निघण्याआधी सांगितलंत हे बरं झालं. न सांगता गेला असतात आणि हृदयाचं काही झालं असतं, तर कंपनीनं एक पैसा दिला नसता, आणि बाकीच्या आजारावरही वाद घातला असता. आता आधीची पॉलिसी रद्द करू. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, प्रवास करायला हरकत नाही असं त्यांचं पत्र आणा, गोळ्यांची नावं आणा. जुना आजार सांगून घेतलेली पॉलिसी महाग पडेल, आणि त्यातही छातीचं फक्त अचानक जिवावर बेतलं तरच मिळेल, नेहमीच्या तपासणीचं नाही. तिकडं पुरतील एवढ्या गोळ्या इथूनच न्या. नवा कागद झाला की तो हर्षलला पाठवीन, मग व्हिसाच्या फायलीत तो बदलून घ्या.

म्हणजे कागद जाण्याआधी पोरीला सांगायलाच हवं होतं. तात्यांनी दोन दिवस टाळलं. पहिल्या दिवशी आज शनिवार म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन चार्ज नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राहीबाईंनी चार्ज केलेला फोन त्यांच्या हातात दिला, लावून दिला, आणि समोर बसल्या.

निकिताचा चेहरा आला. पोट आता चांगलंच दिसत होतं. तात्यांनी खाकरून सुरुवात केली. आधी जर्मनीतल्या थंडीबद्दल विचारलं. मग टोमॅटोचा भाव सांगितला. मग राहीबाईंनी त्यांच्या पायाला पाय लावला, तेव्हा त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. स्प्रिंग, दवाखाना, खाटेवरून घेतलेला फोन, शेजारची म्हैस, काळी मिशी, शुभांगी, अंगदची गाय. मध्ये मध्ये विनोद घालायचा प्रयत्न केला. एकही विनोद लागला नाही.

निकितानं वही ओढली. मग तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. कोणती शीर? गोळ्या कोणत्या? शेवटची तपासणी कधी? रोज चालता का? तात्यांना अर्ध्या प्रश्नांची उत्तरं माहीत नव्हती, ती राहीबाईंनी दिली. निकिता लिहून घेत होती. शेवटी ती म्हणाली, डॉक्टरचं पत्र आणा, नवी पॉलिसी करा, इकडचा दवाखाना घरापासून जवळ आहे, मी बोलून ठेवते. आणि या. दोघंही या.

ज्या वाक्याची तात्यांना इतके दिवस भीती होती ते वाक्य आलंच नाही. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि लगेच जीभ सैल झाली. चला, सौदा झाला म्हणायचा, खोड सांगून सुद्धा गिऱ्हाईक पळालं नाही, असं काहीतरी ते हसत बोलले.

निकिता हसली नाही. ती म्हणाली, "दादा, कुठल्या गावचा कोण माणूस गाय घ्यायला येतो, त्याला तुम्ही दावणीवरच सगळं सांगता. मी परकी असते, तर मला सांगितलं असतं ना?"

तात्यांनी राहीबाईंकडं पाहिलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांना लपवता आलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "परकी असतीस तर सांगितलं असतं."